ली-एनफील्ड रायफलचे संग्रहमूल्य

ली-एनफील्ड ही १८९५ पासून ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांत रूढ झालेली, दहा काडतुसांच्या मॅगझीनची बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर नळीमागचा दांडा, म्हणजे बोल्ट, हाताने मागेपुढे करावा लागणारी) रायफल होय. .३०३ इंची काडतुसावरून ती आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून ओळखली जाते. संग्राहकांच्या बाजारात कारखान्यातून किंवा लष्करी दुरुस्तीशाळेतून बाहेर पडतानाचे तिचे रूप कितपत टिकले आहे, यावर मुख्यत्वे किंमत ठरते. त्यामुळे लाकूड कापून शिकारीसाठी हलकी केलेली रायफल मूळच्या तुलनेत फारच स्वस्त असते, आणि हौसेने घासून चकचकीत केलेला दस्ताही मूल्य घटवतो.

बोल्ट, नळी, पुढील टोपण आणि लाकूड यांवरील क्रमांक रिसीव्हरच्या (बोल्ट व नळी ज्यात बसते त्या मुख्य सांगाड्याच्या) क्रमांकाशी जुळणे हा पहिला निकष मानतात. बोल्ट ज्या त्या रायफलला बसवून तपासलेला असल्याने हा निकष सुरक्षिततेशीही निगडित आहे. जुना क्रमांक घासून नवा ठोकल्याची उदाहरणे आढळतात. मात्र असे काम लष्करी दुरुस्तीत झाले असेल, तर अनेक जाणकार त्याला दोष मानत नाहीत, आणि ते योग्यच वाटते.

रायफलीवरील राजचिन्ह, कारखाना व वर्ष यांच्या ठशांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पेशावरजवळील दर्रा आदमखेल येथील कारागिरांनी मूळ रायफलींच्या हातकामाच्या प्रतिकृती बनवल्या असून, त्यांवर राजमुकुट व कारखान्याचे नाव नकलून कोरलेले असते. अक्षरे उलटी पडणे किंवा वर्ष व राजचिन्ह यांचा मेळ न बसणे, ही त्यांची नेहमीची खूण होय. राणी व्हिक्टोरियाचे निधन जानेवारी १९०१ मध्ये झाले, तर ली-एनफील्डच्या नंतरच्या, आखूड रूपाचा ‘मार्क तीन’ नमुना १९०७ चा. तेव्हा त्या नमुन्यावर ‘व्ही. आर.’ ही व्हिक्टोरियाची आद्याक्षरे असतील, तर ती अस्सल मानता येत नाहीत.

भारतातील ईशापूर शस्त्रकारखान्याच्या ७.६२ मिमी.च्या ‘२ए’ व ‘२ए१’ या रायफली म्हणजे जुन्या .३०३ ला नवी नळी बसवून केलेले रूपांतर, असा समज विक्रेत्यांत दीर्घकाळ प्रचलित होता. १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर, साधारणपणे १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धापासून, अधिक दाबाच्या काडतुसासाठी सुधारित पोलादातून त्या नव्याने घडवल्या गेल्या, हे मत आता अधिक ग्राह्य धरले जाते. बारा काडतुसांचे चौकोनी मॅगझीन आणि ‘२ए१’ वरील ८०० मीटरपर्यंत नेम धरण्याचा मागील दर्शक यांवरून त्या ओळखता येतात. महायुद्धांशी संबंध नसल्याने त्यांना चढा भाव मिळत नसे.

सर्वाधिक किंमत ‘नंबर चार (टी)’ या दुर्बीण बसवलेल्या, नेमबाजांच्या रायफलीला येते. तिच्या दस्त्याच्या मानेवर मूळ दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. तीच दुर्बीण सोबत असली, तर जोडीचे मूल्य सुट्या भागांच्या बेरजेहून बरेच वाढते. साहजिकच बनावट जोड्याही येथेच अधिक आढळतात.

कायद्याचाही परिणाम होतो. अमेरिकेत १८९८ पर्यंत घडवलेली शस्त्रे संघीय कायद्यानुसार पुराणवस्तू ठरत असल्याने, सुरुवातीच्या लांब रायफलींना वेगळी मागणी असते. १९६८ च्या कायद्यानंतर आयात झालेल्यांवर आयातदाराचा ठसा असतो व तो नसलेल्या रायफली पसंत केल्या जातात. भारतात .३०३ हा निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) असल्याने खुला बाजार असा नाही.