हातभर अंतरावरचा दयाळ

इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्य नगरात ज्या घरांपुढे अजून दोन-चार वाफे शिल्लक आहेत, तिथे खुरपं हातात घेतलं की बहुधा दयाळ पक्षी हजर होतो. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला, एक डोळा तुमच्यावर आणि एक मातीवर. माळव्याची काळी माती उलटली की गांडुळं, अळ्या वर येतात आणि हा हातभर अंतरावरून त्या उचलतो. आपल्याला वाटतं, काय लळा लागलाय! लळाबिळा काही नाही, चोख हिशेब आहे. पण हा हिशेब लळ्यापेक्षा जास्त मजेदार आहे, असं माझं मत.

माणूस जवळ येऊ लागला की पक्ष्याला दोन गोष्टी तोलाव्या लागतात. थांबलं तर जिवाला धोका. उडालं तर शक्ती खर्च होते, वर समोरचा घास जातो. कुठल्या अंतरावर तो उडतो हे मोजता येतं, आणि जगभर मोजलंही गेलंय. साधारणपणे अंगाने मोठे पक्षी लांबूनच उडतात, लहान पक्षी जवळ येऊ देतात. आणि त्याच जातीचे शहरी पक्षी खेड्यातल्या भाऊबंदांपेक्षा माणसाला जास्त जवळ येऊ देतात. 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेल्या आपल्या सिरपूर तलावावर हिवाळ्यात बदकं बघायला गेलात, तर काठाशी पोचेपर्यंत ती आत सरकलेली असतात. अंगणातला दयाळ मात्र रोज हजार माणसं बघतो आणि त्यांतलं कुणी त्याच्यावर झडप घालत नाही. दर वेळी उडायचं ठरवलं, तर बिचारा उपाशीच राहील.

युरोपातला रॉबिनही बागकाम करणाऱ्यामागे असाच फिरतो. रानडुकरं जमीन उकरतात, तेव्हा त्यांच्यामागे जायची त्याची जुनी सवय यामागे असावी, असं मानतात. म्हणजे खुरपं घेऊन बसलेले आपण त्याच्या लेखी कोण, ते समजून घ्या.

बरं, ही सूट सरसकट सगळ्या माणसांना नसते. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात मॉकिंगबर्ड पक्ष्याच्या घरट्यांपाशी एकच माणूस सलग 4 दिवस गेला, घरट्याला हात लावून परतला. रोज मादी आदल्या दिवसापेक्षा लवकर उडू लागली. पाचव्या दिवशी दुसराच माणूस गेला, तर ती पहिल्या दिवसासारखी निवांत. हे संशोधन 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. सिॲटलला पक्षी-अभ्यासक जॉन मार्झलफ यांच्या गटाने 2006 मध्ये ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे पुढे कितीतरी वर्षं कलकलाट करत राहिले; जे कधी पकडलेच गेले नव्हते तेसुद्धा.

पक्षी आपली नजरही वाचतात. मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांवर इंग्लंडात ब्रिस्टलला प्रयोग झाला. माणूस खाण्याच्या ताटलीकडे टक लावून असेल तर ते उशिरा येत, त्याने मान वळवली की लवकर. कावळ्याच्या कुळातले जॅकडॉही अनोळखी माणसाची नजर खाण्यावर असली की बिचकतात. पिंड ठेवून तीस-चाळीस जण श्वास रोखून कावळ्याकडे बघत उभे राहतात, तेव्हा मला हे हटकून आठवतं. इच्छा राहिली असेल ती असो. आधी जरा दुसरीकडे बघा की!

जवळीक सर्वांत सुंदर दिसते ती शिंजीरमध्ये, म्हणजे जांभळ्या सूर्यपक्ष्यात. घरटं मादी एकटी बांधते, आणि बरेचदा पडवीतल्या वायरला किंवा वेलीला टांगून. कोळ्याचं जाळं चोचीत ओढून आणते, त्याने गवत, सालीचे तुकडे, अगदी अळ्यांची विष्ठासुद्धा चिकटवते. दाराच्या वर छोटंसं छज्जं काढते आणि आत मऊ कापूस अंथरते. लांबून पाहिलं तर झाडाला कचरा अडकलाय असंच वाटावं. माणसांची ये-जा असलेल्या जागी शिकारी पक्षी सहसा फिरकत नाहीत, त्याचाही तिला फायदा होत असावा.

पक्ष्यांना अंगणात बोलवायचं तर मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी दोन-तीन सेंटिमीटरच, आणि ते रोज घासून बदला. पोह्यांवरची उरलेली शेव मात्र टाकू नका. इंदूरकराला हे जड जाईल, पण तेवढ्याशा देहाला इतकं मीठ झेपत नाही. दयाळाला तर शेव नकोच असते. कोपऱ्यात पालापाचोळा कुजू दिलात आणि औषध फवारलं नाहीत, तर त्याचं भागतं.

उन्हाळ्यात आखूड शेपटीचं बुलबुलाचं पिल्लू जमिनीवर दिसलं, तर ते बहुतेक वेळा हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. मांजराची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा; हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. मग घरात जा. तुम्ही तिथे उभे असेपर्यंत चोचीत किडा धरलेली आई तारेवरून खाली उतरणार नाही.