कानातला आवाज ‘किती मोठा’? सहा डेसिबलच्या आकड्यामागची पार्श्वभूमी

टिनिटस म्हणजे बाहेर काहीच वाजत नसताना कानात ऐकू येणारा आवाज. अशा पेशंटच्या एकाच फाइलमध्ये दोन नोंदी असतात. ऑडिओलॉजिस्टच्या कागदावर ‘टिनिटस जुळणी: ६००० हर्ट्झ, ६ डीबी एसएल’ आणि मागच्या पानावरच्या प्रश्नावलीत पेशंटने स्वतः गोल केलेला आकडा, दहापैकी नऊ. सांगली-मिरजेला दाखवायला येणारे साखर कारखान्यातले आणि विट्याच्या यंत्रमागावरचे कामगार घ्या. ज्या प्रकारे त्यांचे कान खराब होतात, त्यात ही तफावत जवळजवळ अटळ असते. घरचे लोक सहा डेसिबल वाचतात, पान सळसळण्याएवढा आवाज समजतात आणि ‘एवढं काय मनावर घेता’ म्हणून मोकळे होतात. कधी कधी डॉक्टरही तसेच म्हणतात. सहा हा आकडा चुकीचा मोजलेला नसतो. तो एका वजाबाकीचे उत्तर असतो, आणि ती वजाबाकी करायची की नाही यावरच गेली ऐंशी वर्षे वाद चालू आहे.

कानातल्या आवाजाची जात सांगण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड हे दोन वेगळे कर्णरोग मोजलेले आहेत. पण ‘किती मोठा’ याचे माप कुठेच नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. त्यासाठी बाहेरून असा आवाज हवा, ज्याची पट्टी आणि जोर दोन्ही आपल्या हातात आहेत. ट्यूनिंग फोर्कने पट्टीचा अंदाज येई, पण जोर वाजवणाऱ्याच्या हातावर अवलंबून राही. १९२० च्या दशकात विजेवरचे ऑडिओमीटर दवाखान्यांत येऊ लागले तेव्हा कुठे ही अडचण सुटली.

खरी सुरुवात न्यूयॉर्कमधल्या एका कानतज्ज्ञाने १९३० आणि १९४० च्या दशकांत केली. त्याची पद्धत सरळ होती. पेशंटला प्युअर टोन, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध सूर, ऐकवायचा, तो टिनिटसच्या पट्टीवर आणायचा आणि मग ‘दोन्ही सारखेच मोठे वाटतात’ असे पेशंट म्हणेपर्यंत टोनचा जोर बदलायचा. ‘रेल्वे अंगावर येते तसा आवाज आहे’ असे सांगणारी माणसेसुद्धा स्वतःच्या थ्रेशोल्डच्या (जेमतेम ऐकू येणाऱ्या सर्वात मंद पातळीच्या) फक्त पाच-दहा डेसिबल वर जुळणी देत. म्हणजे जेमतेम ऐकू येईल इतपत टोन वाढवला की त्यांच्या मते तो टिनिटसच्या बरोबरीचा. यावरून त्याने निष्कर्ष काढला की टिनिटस मोठा असल्याचा केवळ भास होतो. पुढच्या चार दशकांतल्या सल्ल्यामागे हेच वाक्य होते, आणि त्याने पेशंटचे बरेच नुकसान केले असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता ती वजाबाकी नीट पाहू. समजा, एका कामगाराचा १००० हर्ट्झचा थ्रेशोल्ड १५ डेसिबल आहे आणि ६००० हर्ट्झचा ५५. त्याचा टिनिटसही ६००० च्या आसपासच वाजतो. आवाजाने बिघडलेल्या कानात हे नेहमीचेच, कारण ऑडिओग्राम (फ्रिक्वेन्सीनुसार थ्रेशोल्डचा आलेख) ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात खाली जातो आणि टिनिटसची पट्टी बहुधा त्याच खड्ड्यात किंवा त्याच्या कडेला सापडते. ६००० हर्ट्झचा टोन ६१ डेसिबलला त्याला टिनिटसइतका वाटतो. नोंद दोन प्रकारे करता येते. ‘६१ डीबी एचएल’ म्हणजे सर्वसाधारण निरोगी कानाच्या शून्यापासून मोजलेले अंतर. ‘६ डीबी एसएल’, म्हणजे सेन्सेशन लेव्हल, हे त्याच्या स्वतःच्या थ्रेशोल्डपासून मोजलेले अंतर: ६१ वजा ५५. पहिल्यात त्याचा बहिरेपणा धरून आकडा फुगतो. दुसऱ्यात बहिरेपणा वजा होतो हे बरोबर, पण त्या बहिरेपणाबरोबर जे आणखी काही बदलते, तेही बिनबोभाट वजा होते.

ते ‘आणखी काही’ म्हणजे रिक्रूटमेंट. कॉक्लियातल्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखातल्या, बाहेरच्या केसपेशी गेल्या की मंद आवाज ऐकू येत नाहीत, पण मोठे आवाज निरोगी कानाइतकेच मोठे लागतात. वरच्या उदाहरणातल्या माणसाला ६००० हर्ट्झला ५५ डेसिबलपर्यंत शांतता असते आणि १०० च्या आसपास असह्य होते. निरोगी कानात शंभर डेसिबलवर पसरलेली लाऊडनेसची (आवाज किती मोठा लागतो याची) सगळी चढण इथे पंचेचाळीस डेसिबलमध्ये दाबून बसवलेली असते. त्यामुळे थ्रेशोल्डवरचे पहिले सहा डेसिबल निरोगी कानातल्या सहा डेसिबलइतके किरकोळ राहत नाहीत. विशेष म्हणजे एका कानाचा आवाज दुसऱ्या कानाशी तोलून रिक्रूटमेंट दाखवून देण्याचे काम १९३० च्या दशकात ज्याने केले, तोच हा कानतज्ज्ञ. स्वतःचा एक शोध स्वतःच्याच दुसऱ्या निष्कर्षाला लावून पाहायचे मात्र राहून गेले.

ही गोष्ट प्रत्यक्ष मोजून १९८० च्या सुमारास पुढे आली. संशोधकांनी त्याच पेशंटना टिनिटसची बरोबरी अशा टोनशी करायला सांगितली, जिथे त्यांचे ऐकणे जवळपास शाबूत होते. आकडे एकदम बदलले. वरच्या माणसाने १००० हर्ट्झचा टोन समजा ४० डेसिबलला जुळवला, तर एसएल ४० वजा १५, म्हणजे २५. आवाज तोच, माणूस तोच, कानही तोच, पण सहाचे पंचवीस झाले. १९८३ मध्ये पुढची पायरी आली: डेसिबलमध्ये उत्तर देऊच नका, सोनमध्ये द्या. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा टोन निरोगी कानाला जितका मोठा लागतो तो एक सोन. त्यापुढे दर दहा डेसिबलला सोन दुप्पट होतात. रिक्रूटमेंट हिशेबात धरून असे रूपांतर केले की ‘सहा डेसिबल’वाले बरेच टिनिटस चांगले ठसठशीत निघतात, ‘भास’ ठरवण्याइतके बारीक निघत नाहीत.

तरीही वाद मिटला नाही, आणि विरोधकांचे म्हणणेही तोलाचे आहे. सहा हजारची शिट्टी आणि एक हजारचा टोन यांच्या मोठेपणाची बरोबरी करणे अवघड असते. एकाच माणसाची उत्तरे दोन बैठकांत दहा डेसिबलनेही हलू शकतात. सोनच्या रूपांतराला प्रत्येक कानाचा लाऊडनेसचा स्वतंत्र आलेख लागतो, आणि तो काढायला ओपीडीत वेळ नसतो. त्यात २००२ मध्ये असा दावा पुढे आला की बिघडलेल्या कानात थ्रेशोल्डवरचा आवाज मुळातच शून्याजवळचा नसतो, तो तिथेच बऱ्यापैकी मोठा लागतो. हे खरे असेल तर एसएलच्या पायाखालचे गृहीतकच सरकते. एवढे होऊनही फाइलमध्ये एसएलच लिहिला जातो, कारण तो एका वजाबाकीत निघतो. आमच्या मते निदान तीन आकडे शेजारी-शेजारी लिहावेत: जुळणीची फ्रिक्वेन्सी, तिथला थ्रेशोल्ड आणि जुळणी डीबी एचएलमध्ये. वजाबाकी वाचणारा करून घेईल.

दरम्यान १९७१ मध्ये जर्मनीतल्या मास्किंगच्या, म्हणजे एका आवाजाने दुसरा झाकण्याच्या, प्रयोगांनी वेगळेच वळण दिले. टिनिटस कधी कुठल्याही पट्टीच्या मंद आवाजाने झाकला जातो, कधी दुसऱ्या कानात दिलेल्या आवाजानेही, आणि कधी कशानेच नाही. बाहेरचा खरा टोन असा वागत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत कानात घालायचे मास्कर आले, तेव्हा ‘किती मोठा’ इतकाच ‘किती आवाजाने झाकतो’ हा प्रश्न महत्त्वाचा झाला. १९८१ मध्ये लंडनच्या परिसंवादात चार मोजमापे सुचवली गेली: पट्टी, लाऊडनेस, झाकण्यासाठी लागणारा किमान आवाज आणि आवाज थांबवल्यावर टिनिटस काही काळ दबतो का. आजची तपासणी थोड्याफार फरकाने तीच आहे.

ती करताना कुठे बिघडते हे सांगणे भाग आहे. आधी पट्टी ठरवावी: दोन टोन एकामागून एक देऊन ‘कुठला जवळचा?’ एवढेच विचारायचे आणि अंतर कमी करत जायचे. शेवटी मिळालेल्या पट्टीचा दुप्पट आणि निमपट टोन देऊन पुन्हा विचारायचे, कारण ३००० आणि ६००० मध्ये सप्तकाची गफलत वारंवार होते. ‘शिट्टी नाही, फसफस आहे’ असे पेशंट म्हणाला तर प्युअर टोन सोडून नॅरोबँड नॉइज (अरुंद पट्ट्यातला खरखरीत आवाज) घ्यायचा. मग त्याच फ्रिक्वेन्सीचा थ्रेशोल्ड एक-एक डेसिबलने नव्याने काढायचा. ऑडिओग्राममधला पाच डेसिबलच्या पायरीचा थ्रेशोल्ड तसाच उचलला तर मोजायची गोष्टच पाच-सहा डेसिबलची असल्याने वजाबाकीला अर्थ राहत नाही. टोन नेहमी खालून वर न्यावा, वरून खाली नाही. मोठा टोन आधी ऐकवला की टिनिटस काही सेकंद दबतो आणि जुळणी खोटी निघते. टोन एक-दोन सेकंदांचा, मध्ये तेवढीच विश्रांती, तीनदा जुळणी आणि मधला आकडा. टिनिटस एकाच कानात असेल तर टोन शक्यतो दुसऱ्या कानात द्यावा; दोन्हीकडे असेल तर कुठल्या कानात दिला ते लिहावे. बहुतेक ऑडिओमीटर ८००० हर्ट्झला थांबतात, म्हणून ‘जुळणी ८०००’ दिसली की खरा आवाज त्याहून वर असू शकतो हे लक्षात ठेवावे. साउंडप्रूफ खोलीचे दार नीट लागत नसेल किंवा आत पंखा चालू असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सींचे थ्रेशोल्ड खोटे वर चढतात आणि घुमणाऱ्या टिनिटसचा एसएल आहे त्याहून कमी येतो.

नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणारा आवाज या मोजमापात बसवू नये. त्याची रक्तवाहिन्यांच्या अंगाने वेगळी तपासणी लागते. अचानक ऐकू येणे कमी होऊन सुरू झालेला टिनिटस असेल तर जुळणीत दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

१९९० नंतर भर दुसरीकडे गेला. टिनिटसचा त्रास कॉक्लियात नाही, तर मेंदूतल्या भावना आणि सावधपणाच्या जाळ्यांत घडतो, असे मॉडेल त्या वर्षी मांडले गेले, आणि मग प्रश्नावल्या आल्या. १९९६ च्या टिनिटस हँडिकॅप इन्व्हेंटरीत पंचवीस प्रश्न आणि शंभर गुण आहेत, पण लाऊडनेस फक्त आडवाटेने येतो: आवाजामुळे लोकांचे बोलणे ऐकायला अडचण होते का, एवढाच. २०१२ च्या टिनिटस फंक्शनल इंडेक्समध्ये मात्र ‘किती जोरदार किंवा मोठा’ हा सरळ प्रश्न शून्य ते दहाच्या पट्टीवर आहे, तोही गेल्या आठवड्यापुरता. जुळणीचा आकडा आणि त्रासाचे गुण यांचा मेळ फार सैल बसतो, हे पुन्हा पुन्हा दिसले आहे. उलट पेशंटने स्वतः दिलेला मोठेपणाचा आकडा आणि त्रासाचा आकडा बरोबरच हलतात. त्यावरून काही जण म्हणतात की पेशंट लाऊडनेसच्या नावाखाली त्रासच सांगतो. शक्य आहे. पण दोन प्रश्न वेगळे न विचारता हे ठरवता येत नाही.

इथे विचारण्याची रीत महत्त्वाची. शून्य ते दहा ही पट्टी गावाकडच्या वयस्कर माणसाला सवयीची नसते. तो एकतर ‘लई’ म्हणतो किंवा सरळ दहा सांगतो. ‘आबा, रुपयात किती आणे आवाज हाय?’ असे विचारले की बारा आणे, चौदा आणे अशी फोड करून उत्तर येते. मग दुसरा प्रश्न, मध्ये थांबून: ‘आन् त्याचा जाच किती आणे?’ दोन्ही उत्तरे वेगळी लिहायची, सोबत वेळ आणि जागाही. गळीत हंगामात मिलजवळ पाळी करणाऱ्याला दिवसभर टिनिटस झाकलेला राहतो. हंगाम संपून तो घरी बसला की जुळणी तीच राहूनही आणे वाढू शकतात. गणेशोत्सवात डॉल्बीपुढे नाचून आल्यानंतरच्या दोन दिवसांत केलेली जुळणी तर कशाशीच ताडू नये. थ्रेशोल्ड तात्पुरता सरकलेला असतो, त्यामुळे वजाबाकीचे दोन्ही आकडे हललेले असतात.

भरपाईच्या कागदावर मात्र यातले काहीच चढत नाही. कारखाने अधिनियम १९४८ (२०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली) याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारी श्रवणहानी अधिसूचित रोग म्हणून होती, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिरतेची व्याख्या ६० आणि ७० डेसिबलच्या सीमारेषांवर केली आहे. दोन्हीकडे हिशेब ऐकू न येण्याचा. टिनिटस जुळणीचा आकडा तिथे चालत नाही, म्हणून ज्याचे बोलणे ऐकणे बरे आहे पण सहा हजारची शिट्टी झोपू देत नाही, असा कामगार कागदावर निरोगीच राहतो.

अलीकडे मोबाइलवर टोन जनरेटर लावून घरीच जुळणी करणारे बरेच आहेत. फोन आणि हेडफोन कॅलिब्रेट केलेले नसतात, त्यामुळे तिथला डेसिबल हा खरा डेसिबल नाही आणि तो ऑडिओलॉजिस्टच्या कागदाशी ताडता येत नाही. स्वतःशीच तुलना करायची तर फोन तोच, हेडफोन तोच, फोनचा व्हॉल्यूम एकाच खुणेवर, ब्लूटूथऐवजी वायर, इक्वलायझर बंद, खोली तीच आणि शक्यतो सकाळची तीच वेळ ठेवावी. टोन खालूनच वर न्यावा. दिवसाला एकापेक्षा जास्त वेळा करू नये, कारण लक्ष देऊन ऐकण्यानेच आवाज पुढे येतो आणि स्वतः दिलेला आकडा चढत जातो.