सेरोटोनिन रिसेप्टरची अँटिबॉडी : तो तपकिरी रंग नेमका कशाचा?

नागपुरात मे महिन्यात अँटिबॉडी (एका ठरावीक रेणूला ओळखून चिकटणारं प्रथिन) मागवायची म्हणजे जिवाला घोर. बाहेर पारा पंचेचाळीसकडे, आणि थर्मोकोलच्या डब्यात जेमतेम शंभर मायक्रोलिटर द्रव. दोन थेंब म्हणा ना. डबा फोडला की आधी जेलच्या पिशव्या चाचपायच्या, त्या गार लागल्या तरच पुढचं बघायचं. अमरावती रोडवरच्या कॅम्पसपासून मेडिकलपर्यंत ज्याने ज्याने टिश्यूचे सेक्शन, म्हणजे पातळ काप, रंगवले आहेत, त्याला हे वेगळं सांगायला नको. व्हायलवर एकच ओळ असते : सशातली, पॉलिक्लोनल (म्हणजे अनेक अँटिबॉडींचं मिश्रण), ५-एचटी२ए रिसेप्टरसाठी. ५-एचटी म्हणजे सेरोटोनिन, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं ते प्रथिन, ज्यावर ते जाऊन बसतं. या ओळीपर्यंत पोचायला विज्ञानाला निदान पन्नास वर्षं लागली.

सेरोटोनिनची गोष्ट मेंदूत सुरू झालेली नाही. इटलीत व्हित्तोरिओ एर्स्पामेर १९३०च्या दशकात आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तपासत होते. तिथे सापडलेल्या पदार्थाला त्यांनी एंटेरामिन म्हटलं. इकडे अमेरिकेत, क्लीव्हलँडला, अर्विन पेज रक्तदाबाच्या मागे लागले होते आणि रक्त गोठताना निघणारं काहीतरी त्यांचे प्रयोग बिघडवत होतं. १९४८ साली मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि पेज यांनी ते गुरांच्या सीरममधून वेगळं काढलं. सीरममधलं, रक्तवाहिन्या आवळणारं, म्हणून सेरोटोनिन. दोन्ही पदार्थ एकच, हे १९५२मध्ये कळलं. मेंदूत ते असतं हे बेटी ट्वारोग आणि पेज यांनी १९५३ साली दाखवलं, तेही शिंपल्यातल्या जिवाच्या हृदयावर मेंदूचा अर्क टाकून. आजही शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यातच असतं. ‘आनंदाचं रसायन’ म्हणून त्याचा गवगवा करणाऱ्यांना ही गोष्ट सहसा आठवत नाही.

मग प्रश्न आला की पेशीवर ते बसतं कुठे. १९५७मध्ये एडिंबरोत गॅडम आणि पिकारेली यांनी गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा घेतला आणि दाखवलं की सेरोटोनिनचा परिणाम अर्धामुर्धा डायबेन्झिलिन या औषधाने अडतो, उरलेला मॉर्फिनने. म्हणजे रिसेप्टर दोन : डी आणि एम. १९७९ साली पेरुत्का आणि स्नायडर यांनी किरणोत्सारी औषधं मेंदूच्या टिश्यूला चिकटवून ५-एचटी१ आणि ५-एचटी२ अशी फोड केली. पुढे जनुकं हाती लागत गेली आणि कुटुंबं सात झाली, उपप्रकार डझनाच्या वर. गॅडमचा डी म्हणजेच आजचा ५-एचटी२ए.

अँटिबॉडीची वाट वेगळीच होती. अल्बर्ट कून्स यांनी १९४१ साली अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडला आणि टिश्यूत जंतू शोधला. १९६०च्या दशकात चमकत्या रंगाच्या जागी पेरॉक्सिडेज हे एन्झाइम आलं, आणि त्याच्यामुळे साध्या मायक्रोस्कोपखाली दिसणारा तपकिरी डाग. खुद्द सेरोटोनिनविरुद्धची अँटिबॉडी १९७८मध्ये वापरात आली. रिसेप्टरचं काम मात्र अवघड होतं. तो पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर करतो, प्रमाणाने तुटपुंजा, शुद्ध काढणं जिकिरीचं. १९८८च्या सुमारास जनुक हाती आलं तेव्हा तोड निघाली : अख्ख्या प्रथिनाऐवजी त्याच्या टोकाचे पंधरा-वीस अमिनो आम्ल प्रयोगशाळेत बनवायचे, एका मोठ्या प्रथिनाला जोडायचे आणि सशाला टोचायचे. ते मोठं प्रथिन बहुधा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका शंखवर्गीय प्राण्याच्या रक्तातलं. झिरो माईलच्या गावातल्या फ्रीजमध्ये समुद्र असा येतो.

गोम त्या पंधरा-वीसांतच आहे. माणसाचा ५-एचटी२ए ४७१ अमिनो आम्लांचा. अँटिबॉडी ओळखते त्यातला चिमूटभर भाग. तसाच तुकडा दुसऱ्या एखाद्या प्रथिनात असला की तिथेही डाग. टिश्यू टिकवायला वापरलेल्या फॉर्मालिनने तो तुकडा झाकला गेला, तर आहे तिथेही कोरं. झाकलेलं उघडायची युक्ती १९९१ साली आली : पॅराफिनच्या मेणात बसवून कापलेले सेक्शन तापवायचे. आमच्याकडे सायट्रेट बफर आणि घरचा प्रेशर कुकर. दोन शिट्ट्या, मग निवांत थंड होऊ द्यायचा. घाई केली की सेक्शन काचेवरून सुटून तरंगायला लागतो.

शंकेला वाचा फुटली २००९मध्ये. याच घराण्यातल्या ॲड्रेनर्जिक, मस्कॅरिनिक आणि डोपामिन रिसेप्टरच्या विकत मिळणाऱ्या अँटिबॉडी तपासल्या गेल्या. रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांच्या टिश्यूतही त्यांतल्या बऱ्याच जणी तितक्याच झोकात रंग देत होत्या. ज्या पेप्टाइडवर (त्या पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या तुकड्यावर) अँटिबॉडी बनली तेच मिसळून रंग जातो का, ही जुनी कसोटी तोकडी आहे हेही दिसलं : रंग जातो, पण चुकीच्या जागचाही जातोच.

असा नॉकआउट उंदीर आमच्या हाताशी नाही. पण किरणोत्सारी औषधांनी काढलेले नकाशे आहेत, आणि त्यांत ५-एचटी२ए कॉर्टेक्समध्ये भरपूर, लहान मेंदूत जवळपास नाहीच. म्हणून मी एकाच काचेवर कॉर्टेक्सच्या शेजारी लहान मेंदूचा सेक्शन घेतो. तोही तेवढाच तपकिरी निघाला, तर पार्सल कितीही गार आलेलं असो, ती व्हायल मागच्या रांगेत जाते.