बुडीत कर्ज, गहाण मालमत्ता आणि खान्देशातला सातबारा

गहाण मालमत्ता कोर्टाची पायरी न चढता विकण्याची मुभा १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात होती, पण ती मुख्यतः मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांतल्या मालमत्तेपुरती. जळगाव-धुळ्यातल्या कर्ज देणाऱ्याला दिवाणी दावाच लावावा लागे. हुकूमनामा, मग त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त, जप्ती, लिलाव, यात वर्षानुवर्षे जात.

सहकारी संस्थांना १९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने वेगळी वाट दिली: कलम १०१चा वसुली दाखला आणि नियम १०७प्रमाणे जप्ती-विक्री. खान्देशातल्या पतसंस्था आजही याच वाटेने जातात. मोठ्या थकबाकीसाठी १९९३मध्ये ऋण वसुली न्यायाधिकरणे आली. खरा बदल झाला तो २००२च्या सरफेसी कायद्याने, म्हणजे बँकांना कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याने. ६० दिवसांची नोटीस द्यायची, रक्कम आली नाही तर कलम १३(४)खाली ताबा घ्यायचा आणि लिलाव करायचा. कर्जदाराला न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण दाद मागण्याआधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली आणि कर्जदाराच्या हरकतीला उत्तर देणे बँकेवर बंधनकारक ठरवले. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही, हा वाद मात्र ५ मे २०२०च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत मिटला नव्हता.

खान्देशात घोडे अडते ते जमिनीपाशी. कलम ३१(आय) शेतजमिनीवरचे तारण या कायद्यातून वगळते. इथल्या कितीतरी जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, गोदामे गावाच्या शिवारात उभी आहेत. इमारत उभी, यंत्रे चालू, आणि सातबाऱ्यावर पीक कापूस! कर्जदाराचा वकील पहिला आक्षेप इथेच घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये जमिनीचा प्रत्यक्ष वापर पाहायला सांगितले. २०२३मध्ये ती शेतीचीच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्जदारावर टाकली आणि नुसता महसुली उतारा पुरेसा नाही, असे म्हटले. तरी बिनशेती आदेश नसलेले तारण घेऊन पुढे वर्षभर भांडत बसणे ही कर्ज देणाऱ्याचीच चूक म्हणावी लागेल. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात आणखी सावध राहावे लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. ही तरतूद आदिवासींच्या संरक्षणासाठी आहे. तिला वसुलीतली अडचण मानून पळवाट शोधणारा सल्ला मुळातच चुकीचा आहे. एमआयडीसीतला भूखंड भाडेपट्ट्याचा, तिथे महामंडळाची संमती हवी.

प्रत्यक्ष ताब्यासाठी सरफेसीच्या कलम १४खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज होतो. निवडणुका, पंचनामे, टंचाई यांत तो मागे पडतो. २०१९मध्ये मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनाही हा अधिकार असल्याचे ठरले. २०२२मध्ये ताबा घेण्यासाठी वकिलाला कमिशनर (न्यायदंडाधिकाऱ्यांच्या वतीने ताबा घेणारा) नेमता येते, हेही स्पष्ट झाले. त्यामुळे जळगाव-धुळ्यातल्या वकिलांच्या वाट्याला दाव्यांपेक्षा वेगळे काम आले: नोटिशीतली रक्कम तपासणे, चतुःसीमा जुळवणे, फेरफार व सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क' वाचणे, ताब्याचा पंचनामा करणे. २०१६च्या दुरुस्तीनंतर कर्जदार मालमत्ता सोडवू शकतो ती लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच मुदत कायम ठेवली, म्हणून त्या जाहिरातीची तारीख आणि तिच्यातला गट क्रमांक दोन्ही बाजूंचे वकील आधी तपासतात.