शंखाच्या नावाचा लिलाव: शिंपल्यांच्या ओळखीची पार्श्वभूमी

जुन्या संग्रहातल्या एखाद्या शंखाखाली एकावर एक ठेवलेल्या तीन चिठ्ठ्या सापडू शकतात. सगळ्यात खालची, पिवळी पडलेली चिठ्ठी सांगते: टर्बिनेला पायरम. मधली सांगते: झँकस पायरम. वरची, अलीकडची, पुन्हा टर्बिनेला पायरम. शंख तोच असतो. तोच जड, पांढरा, नासपतीच्या आकाराचा घाट आणि मुखातून डोकावून पाहिले की मधल्या स्तंभावर दिसणाऱ्या त्याच तीन-चार ठसठशीत घड्या. मधल्या काळात ना शंखाविषयी काही नवे कळले होते, ना कुणाची ओळख चुकली होती. नाव बदलले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या एका लिलावाच्या यादीमुळे. ते परत फिरले तेही त्याच यादीवरून झालेल्या वादात.

शिंपल्यांचा अभ्यास म्हणजे आकार, रंग, घेर आणि दात यांची तुलना, असा समज असतो. तो खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा अभ्यास छापील कागदांचा असतो: कोणते नाव आधी छापले गेले, ते नियमात बसते का, आणि त्या नावाने नेमका कोणता नमुना दाखवला होता. हा दुसरा भाग समजून घेतल्याशिवाय जुनी पुस्तके वाचताच येत नाहीत, म्हणून या टिपणात त्याच्याकडे जास्त लक्ष दिले आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकता येतो. १६८१ मध्ये रोममध्ये छापलेल्या शिंपल्यांवरच्या पहिल्या स्वतंत्र ग्रंथात बहुतेक शंख उलटे, म्हणजे डाव्या घेराचे दिसतात. कोरणाऱ्याने शंख समोर ठेवून तांब्याच्या पत्र्यावर जसा दिसला तसा कोरला आणि छापताना तो आरशातल्यासारखा पलटला. १६५० मध्ये एका थोर डच चित्रकाराने केलेल्या संगमरवरी कोनसच्या (कोनस म्हणजे शंकूच्या आकाराचा विषारी शंख) चित्रातही तेच झाले, फक्त सही मात्र सरळ आली. खरोखरच डाव्या घेराचे शंख बहुतेक जातींत अतिशय दुर्मीळ असल्याने अशा चित्रांवरून ओळख पटवताना आजही सावध राहावे लागते. आजच्या इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर राहणाऱ्या आणि १६७० मध्ये दृष्टी गमावलेल्या एका निरीक्षकाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७०५ मध्ये निघाला. शंखात राहणारा प्राणी कसा जगतो हे त्यात इतक्या आपुलकीने लिहिले आहे की पुढची शंभर वर्षे क्वचितच कुणी त्याची बरोबरी केली. कोनसच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंदही त्यात आहे. १७५७ मध्ये सेनेगलच्या किनाऱ्यावरच्या शंखांचा ग्रंथ आला. केवळ कवच पाहून वर्गीकरण करू नका, आतला प्राणीही पाहा, असा त्याचा आग्रह होता. आग्रह बरोबर होता, वर्ष चुकीचे ठरले. प्राण्यांच्या नावांची अधिकृत मोजणी १७५८ पासून धरतात, त्याआधीचे काहीच ग्राह्य धरत नाहीत.

आता त्या यादीकडे. हॅम्बुर्गमधल्या एका डॉक्टरकडे शंखशिंपल्यांचा मोठा संग्रह होता. १७९६ मध्ये तो वारला आणि १७९८ मध्ये संग्रह विकण्यासाठी लॅटिन व जर्मन भाषेत यादी छापली गेली. यादी करणारा वेगळाच माणूस होता. त्याने प्रत्येक वस्तूला दोन शब्दांचे नाव दिले आणि पुढे वर्णन न लिहिता फक्त हवाला दिला: अमुक ग्रंथाचे अमुक पान, तमुक चित्रमालेतली तमुक आकृती. यादीत शेकडो नवी नावे होती. (मराठीत प्रजाती हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. इथे प्रजाती म्हणजे नावाचा पहिला शब्द आणि जाती म्हणजे दोन्ही शब्द मिळून कळणारी.) विक्री झाली, संग्रह पांगला, त्यातला काही भाग पुढे गोथा शहरातल्या संग्रहालयात पोचला. यादी मात्र विस्मरणात गेली. तिच्या प्रती मुळातच थोड्या होत्या आणि लिलावाची यादी शास्त्रीय ग्रंथ म्हणून जपून ठेवण्याचे कारण कुणाला वाटले नसावे.

पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, पॅरिसमध्ये शिंपल्यांच्या नव्या वर्गीकरणाचा आराखडा निघाला. त्यात सव्वाशेच्या आसपास प्रजाती होत्या. प्रत्येकीची दोन-तीन ओळींत व्याख्या होती आणि उदाहरण म्हणून एक जाती दिली होती. हे काम विक्रेत्याचे नव्हते, अभ्यासकाचे होते. एकोणिसाव्या शतकातली जवळपास सगळी मोठी चित्रमय पुस्तके याच परंपरेतल्या नावांवर उभी राहिली. लंडनमध्ये १८४३ ते १८७८ या काळात निघालेली वीस खंडांची रंगीत मालाही त्याच वाटेने गेली. संग्राहक, व्यापारी, संग्रहालये, सगळ्यांच्या तोंडी तीच नावे बसली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॅम्बुर्गची यादी पुन्हा वर आली. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये तिची हुबेहूब प्रत छापली गेली, १९१५ मध्ये अमेरिकेत तिची सूची निघाली. त्यासरशी लक्षात आले की पॅरिसच्या नावांपैकी बऱ्याच नावांच्या आधी, फक्त एका वर्षाने का होईना, या यादीत त्याच शंखांना दुसरी नावे दिलेली आहेत. नियम सांगतो की आधीचे नाव टिकते. मग लिलावाची यादी हे प्रकाशन मानायचे की नाही?

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. यादी विक्रीसाठी केलेली, तिच्यात एकाही प्रजातीची व्याख्या नाही, आणि शंभर वर्षे तिचा फारसा वापरही झालेला नाही. अशा कागदासाठी जगभरातल्या चिठ्ठ्या का बदलायच्या? बाजूने बोलणाऱ्यांकडे एकच पण पक्का मुद्दा होता: यादीतले नाव चित्राला बांधलेले आहे. व्याख्येचे दोन-तीन शब्द पाच-सहा वेगवेगळ्या शंखांना लागू पडतात. छापील आकृतीकडे दाखवलेले बोट मात्र एकाच शंखावर जाते. मला स्वतःला हा मुद्दा निर्णायक वाटतो. ओळख पटवायला बसलेल्या माणसाला शेवटी हवी असते ती आकृतीच.

१९२६ मध्ये नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने यादी ग्राह्य धरली. पडसाद लगेच उमटले. सोलॅरियमचे आर्किटेक्टोनिका झाले, टेरोसेराचे लॅम्बिस. अठराव्या शतकात संग्राहकांनी ज्यासाठी जीव टाकला तो जिन्यासारख्या पट्ट्यांचा मौल्यवान शंख स्कॅलॅरियातून एपिटोनियममध्ये गेला. रिसिन्युलाची ड्रुपा झाली. काही ठिकाणी नाव तेच राहिले आणि फक्त नावामागे लिहिला जाणारा कर्ता (नाव देणारा) व वर्ष बदलले, हार्पाचे तसे झाले. त्यातही गुंता होता. सुरुवातीला कर्ता म्हणून संग्रहाच्या मालकाचे, म्हणजे त्या डॉक्टरचे नाव लावत. नंतर ठरले की छापणारा तो नव्हे, यादी करणाराच कर्ता. म्हणून १९३० च्या आसपासच्या पुस्तकात एक आडनाव आणि १९७० च्या पुस्तकात दुसरे आडनाव दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. आणखी एक अडचण अशी की यादीत एकेका प्रजातीखाली अनेक जाती होत्या, त्यातली नमुनेदार जाती, म्हणजे जिच्यावर प्रजातीचे नाव बांधले जाते ती, कोणती हे सांगितलेले नव्हते. ते पुढच्या अभ्यासकांना एकेक करून ठरवावे लागले आणि त्यावरूनही मतभेद झाले.

एक गोष्ट मात्र खटकते. यादीने ज्या चित्रमालेच्या आकृत्यांचा आधार घेतला, त्या न्युरेंबर्गच्या मालेतली स्वतःची नावे ग्राह्य धरलेली नाहीत, कारण त्या लेखकांनी दोन शब्दांची पद्धत सातत्याने पाळली नव्हती. ज्यांनी वर्षानुवर्षे राबून चित्रे काढवून घेतली त्यांची नावे गेली. त्यांच्या चित्रांकडे बोट दाखवणाऱ्याची टिकली.

झँकस हे नाव याच यादीतले. उच्चार ऐकला की कान टवकारतात, कारण हा आपल्या ‘शंख’ शब्दाचाच लॅटिन वेश आहे. प्रवासात शब्दाचा चेहरा बदलला, तरी मूळ ओळखू येते. १९२६ नंतर हे नाव रुळले, त्यावरून कुळाचे नावही झँकिडी असे चालले. हिंदी महासागरातल्या शंखांच्या मत्स्यव्यवसायाविषयीचे लेखनही झँकस पायरम लिहू लागले. आणि मग १९५७ मध्ये त्याच मंडळाने आपला विशेषाधिकार वापरून झँकस रद्द केले व टर्बिनेलाला संरक्षण दिले. हा अधिकार मंडळाकडे १९१३ पासून आहे. रूढ नाव मोडल्याने गोंधळ होणार असेल तर आधीचे नावही दाबून टाकता येते.

कारण दिले जाते स्थैर्याचे. टर्बिनेला शंभराहून अधिक वर्षे वापरात होते, हे खरेच. पण सोलॅरियम आणि स्कॅलॅरियाही होते. मग एकाच यादीतले आर्किटेक्टोनिका टिकते, एपिटोनियम टिकते आणि झँकस का जाते? मंडळाकडे मागणी कोणत्या प्रजातीसाठी झाली आणि कोणत्यासाठी नाही, एवढाच फरक मला त्यात दिसतो. निर्णय नियमाबाहेरचा नव्हता. तरीही ज्या प्राण्याला त्याच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी दिलेले नाव शास्त्रात अगदी सरळ वाटेने पोचले होते, तेच नेमके पुसले गेले याची खंत वाटते. निर्णयानंतरही बरीच वर्षे छापील लेखांत झँकस दिसत राहिले, ते केवळ माहिती नसल्यामुळे असेल असे मला वाटत नाही.

यानंतरचे वाद कागदांपेक्षा प्राण्यांवरून झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जिभेवरच्या दातांच्या पट्टीचा अभ्यास सुरू झाला होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ते दात आणि शंखाच्या टोकावरचे पिल्लू-कवच स्पष्ट दिसू लागले. नंतर डीएनए आला. कवड्यांची जुनी एकच प्रजाती, सिप्रिया, विसाव्या शतकात तुकड्या-तुकड्यांत विभागली गेली होती. डीएनएने त्यातले बरेच तुकडे उचलून धरले. वाघ-कवडी अजून सिप्रिया टायग्रिस आहे, चलन म्हणून फिरलेली छोटी पिवळी कवडी मात्र मोनेटारिया मोनेटा झाली.

कोनसच्या बाबतीत उलटे घडले. २००९ मध्ये कवच, दात आणि शरीररचना पाहून हयात कोनसची तीन कुळे आणि ८२ प्रजाती करण्याचा प्रस्ताव आला. पहिल्या झटक्यात बऱ्याच संग्राहकांनी चिठ्ठ्या बदलल्या. १७७७ पासून ओळखीचा असलेला कोनस ग्लोरियामॅरिस सिलिंडर ग्लोरियामॅरिस झाला. जवळजवळ दोन शतके हा शंख जगातला सर्वात दुर्मीळ मानला जाई. १९६९ मध्ये सॉलोमन बेटांतल्या ग्वादलकनालजवळ पाणबुड्यांना त्याची वस्ती सापडली तेव्हा कळले की दुर्मीळ होती ती आपली पोच. २०१४ मध्ये ३२० जातींच्या डीएनएवरून नवा वंशवृक्ष निघाला आणि ८२ ऐवजी चारच प्रजाती पुरेशा ठरल्या. २०१५ च्या मांडणीत सुमारे ८५ टक्के जाती पुन्हा कोनसमध्येच आल्या आणि २००९ ची बरीच नावे उपप्रजाती म्हणून कंसात गेली. नंतर काही छोट्या प्रजातींची भर पडली, पण मुख्य चित्र तेच आहे. २००९ चे काम वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. त्या कामात पाडलेले गट बहुतांशी खरे होते, त्यांना कोणत्या पायरीवर बसवायचे एवढाच प्रश्न होता.

या पायरीच्या प्रश्नाचे परिणाम संग्राहकांपुरते राहत नाहीत. कोनस मॅगसच्या विषावरून तयार झालेल्या वेदनाशामक औषधाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली आणि या विषांवरचे सगळे साहित्य कोनस या नावाखाली शोधले जाते. सुदैवाने विषांच्या सांकेतिक नावांत अक्षरे येतात ती जातीच्या नावावरून, त्यामुळे पहिला शब्द बदलला तरी तेवढी वाचतात. कॅरिबियन समुद्रातल्या राणी शंखाचे तसे नाही. त्याच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले तेव्हा यादीत तो स्ट्रॉम्बस गिगास होता. पुढे तो लोबॅटस झाला, आता एलिगर गिगास म्हणतात. मालाची तपासणी करणाऱ्याला तिन्ही नावे एकाच प्राण्याची आहेत हे ठाऊक असावे लागते.

जुन्या चिठ्ठ्या काढून टाकायच्या नाहीत, नवी चिठ्ठी वर ठेवायची, हा संग्रह सांभाळणाऱ्यांचा शिरस्ता याच अनुभवातून आला आहे. जुन्या चिठ्ठीवर बहुधा सापडल्याचे ठिकाण आणि तारीखही असते, जी नव्या नावासोबत पुन्हा मिळवता येत नाही. आता रिकाम्या कवचातूनही डीएनए काढता येऊ लागला आहे. त्यामुळे झँकस लिहिलेली मधली चिठ्ठी आणि तिच्यासोबतचा शंख, दोन्ही पुन्हा तपासायला घेतले जातात.