गोंद तुटत नाही, कागद फाटतो

मॉडेल रॉकेट जमिनीवर आपटून त्याचा एखादा पंख निखळला, की तो उचलून आधी त्याची कड बघावी. बऱ्याचदा कडेवरच्या गोंदाला पुठ्ठ्याच्या नळीचा पातळ पापुद्रा चिकटून आलेला दिसतो. म्हणजे गोंदाने आपलं काम चोख केलं होतं, सोलली गेली ती नळी. अशा वेळी आणखी जबरदस्त गोंद शोधण्यात अर्थ नसतो. याउलट कडेवरचा इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद) काचेसारखा गुळगुळीत निघाला, तर दोष जोडणाऱ्याचा: नळीवरचा चकचकीत थर सँडपेपरने घासायचा राहून गेला.

मध्यम ताकदीच्या रॉकेटांत हा प्रश्न जास्त जाणवतो. रॉकेट मोटरींना अक्षरं असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला एकूण आवेगाची, म्हणजे जोर गुणिले जळण्याचा वेळ याची, मर्यादा दुप्पट होते. ‘ई’ची २० ते ४० न्यूटन-सेकंद, ‘एफ’ची ४० ते ८०, ‘जी’ची ८० ते १६०. त्याच्या पुढे उच्च शक्तीची रॉकेटं सुरू होतात. मोटरी कारखान्यात बनलेल्याच वापरायच्या, त्यात घरगुती प्रयोग नाहीत. पण बाकीचं रॉकेट पुठ्ठा, बाल्साचं हलकं लाकूड आणि प्लायवूडचंच असतं. मोटर मोठी झाली म्हणून सगळं इपॉक्सीत बुडवायची हौस अनेकांना येते. तिची गरज किती, हे साध्या आकडेमोडीने कळतं.

समजा, प्लायवूडचा एक पंख २० ग्रॅमचा आहे आणि रॉकेट गुरुत्वाच्या १५ पट त्वरणाने सुटतं. त्या पंखाला सोबत ओढून न्यायला जोडावर बल येतं जेमतेम ३ न्यूटन. पंखाची कड १० सेंटिमीटर लांब आणि ३ मिलिमीटर जाड धरली, तर चिकटलेलं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर होतं. एवढ्या जागेवर नीट वाळलेला साधा सुतारी गोंदसुद्धा याच्या कितीतरी पट बल सहज पेलतो. उड्डाणाचा धक्का हा खरा शत्रू नव्हेच.

शत्रू आहे उतरणं. पॅराशूटखाली सेकंदाला ५ मीटर वेगाने येणारं रॉकेट जमिनीवर टेकतं, ते सव्वा मीटर उंचीवरून हातातून सुटल्यासारखं. त्यातही ते झोके घेत येतं, म्हणून बहुधा एकाच पंखाच्या टोकावर पडतं. टोक नळीपासून ८ सेंटिमीटर बाहेर आणि तो आडवा धक्का तोलायला मुळाशी जाडी फक्त ३ मिलिमीटर. तरफेच्या हिशेबाने मुळाशी ते बल पंचवीसेक पटींनी वाढून येतं. जोडाची एक बाजू दाबली जाते, दुसरी उचकटली जाते, आणि उचकटताना पुठ्ठ्याचे थर एकमेकांपासून सुटतात.

उपाय गोंदाच्या बाटलीत नाही, जोडाच्या आकारात आहे. पहिला उपाय फिलेटचा. पंख आणि नळी यांच्या कोपऱ्यात गोंदाची गोलाईदार पट्टी भरली की चिकटायची जागा रुंदावते आणि ताण एका रेषेत साचत नाही. नळी आडवी धरून, कोपरा वर ठेवून एका वेळी दोन पंखांमधलीच घळ भरावी, नाहीतर गोंद ओघळतो. सुतारी गोंद पाण्याचा असल्यामुळे वाळताना आकसतो, मधे बारीक भोकं पडतात. म्हणून त्याचे पातळ हात दोन-तीनदा द्यावेत. इपॉक्सी आकसत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे मोठ्या फिलेटला तो बरा.

दुसरा उपाय माझ्या मते मध्यम ताकदीसाठी जवळजवळ सक्तीचा असावा. नळीला चीर पाडून पंखाची जीभ आत, थेट मोटरच्या नळीपर्यंत न्यायची. मग पंख बाहेरच्या नळीवर आणि आतल्या नळीवर, अशा दोन ठिकाणी पकडला जातो, आणि उचकटायला नुसता वरचा कागद उरत नाही. मात्र मागची सेंटरिंग रिंग, म्हणजे मोटरची नळी बाहेरच्या नळीच्या मधोमध धरणारं कडं, आधीच चिकटवून टाकली, तर आतल्या फिलेटांपर्यंत हात पोचत नाही. ती सगळ्यात शेवटी.

कागद आणि लाकूड यांच्यासाठी सुतारी गोंदच उत्तम. दोन्ही कडांना पातळ लावायचा, दाबायचं, सोडवायचं, चिकटसर होऊ द्यायचा, मग पुन्हा थोडा लावून कायमचं दाबायचं. पंख काही सेकंदांत जागेवर धरतो. हाच गुण मोटर माउंट, म्हणजे रिंगांसकट मोटरची नळी, बाहेरच्या नळीत सरकवताना वैरी होतो. पुठ्ठा गोंदातलं पाणी शोषून फुगतो आणि रिंग अर्ध्या वाटेत जी अडकते ती अडकतेच. त्या कामाला सावकाश घट्ट होणारा, अर्ध्या तासाचा इपॉक्सी घ्यावा.

सुपरग्लू झटपट आहे पण ठिसूळ. नळीची तोंडं कडक करायला त्याचे थेंब छान झिरपतात, पंखांचा मुख्य जोड त्याच्यावर सोडू नये. पॉलिथिलीनच्या नाकावर तर बहुतेक कुठलाच गोंद टिकत नाही. तिथे तोल साधायला नाकात घातलेलं वजन आडव्या काडीने किंवा स्क्रूने अडकवावं.

उष्णतेचाही विचार हवा. पाच मिनिटांचे बरेचसे इपॉक्सी ५०-६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात आणि जळून गेलेल्या मोटरचं आवरण त्याहून तापू शकतं. मोटर अडवणारी अॅल्युमिनियमची कडी बसवायला धातूची भुकटी मिसळलेला, सावकाश वाळणारा इपॉक्सी वापरतात. कडी आधी खरवडून अल्कोहोलने पुसायची. हातमोजे घालणं चुकवू नये, कारण इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

आणि वजन! शेपटाशी २० ग्रॅम जादा इपॉक्सी गेला, गुरुत्वमध्यापासून २५ सेंटिमीटर मागे, तर तो तोलायला ५० सेंटिमीटर पुढे नाकात १० ग्रॅम भरावे लागतात. म्हणजे उगाच ३० ग्रॅमचा बोजा. तो न तोलता सोडला तर गुरुत्वमध्य मागे सरकतो. रॉकेट सरळ उडायला तो हवेच्या दाबाच्या मध्यापेक्षा, म्हणजे हवेचा एकूण जोर जिथे पडतो त्या जागेपेक्षा, निदान नळीच्या एका व्यासाइतका पुढे असायला हवा. हे माप रिकाम्या रॉकेटवर घेऊन उपयोग नाही. वापरायची सर्वांत जड मोटर बसवून, पॅराशूट आत घालून, मगच रॉकेट दोऱ्यावर तोलावं आणि ती जागा पेन्सिलने नळीवर खुणवावी.