शालेय इंटरनेट (ग्रामीण विदर्भ)

ग्रामीण विदर्भातील जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळांमधली इंटरनेट जोडणी आणि तिचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम. या जोडणीचा पहिला पक्का उपयोग झाला तो शिकवण्यासाठी नव्हे, माहिती भरण्यासाठी : विद्यार्थ्यांच्या नोंदीची राज्याची ‘सरल’ प्रणाली, देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणारी ‘यू-डायस’, शालेय पोषण आहाराची रोजची नोंद. दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी मोबाइलवर माहिती भरत बसले, की सगळे वर्ग दुसऱ्याच्या अंगावर येतात. शिक्षणावरचाच हा परिणाम, पण मोजणीत तो सहसा येत नाही.

जोडणीचा कणा म्हणजे भारतनेट. २०११ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याचे हे पुढचे नाव. राज्यातला त्याचा दुसरा टप्पा ‘महानेट’ म्हणून ओळखला जातो. फायबर येते ते ग्रामपंचायतीपर्यंत. टोल्यावरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, शाळा तिथून दूर असते, आणि मधले अंतर कोणी भरून काढायचे हा प्रश्न लोंबकळत राहतो. म्हणून अनेक ठिकाणी वर्ग चालतो तो शिक्षकाच्या हॉटस्पॉटवर, त्याच्याच पैशाच्या नेटपॅकवर. २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणि टीव्ही आले. वीजबिल थकले की तेही बंद. यू-डायसनुसार देशातल्या इंटरनेट असलेल्या शाळा २०२१-२२ मध्ये ३३.९ टक्के होत्या, २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के झाल्या. मात्र रकान्यात ‘होय’ लिहिले म्हणजे रेंज आहे असे नव्हे. मेळघाटातले हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने डिजिटल गाव म्हणून गाजले. २०१९ च्या लोकसभा प्रचारात तिथल्या सोयी खऱ्या किती, यावरूनच जाहीर सभा रंगल्या.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दरी उघडी पडली. घरात एकच स्मार्टफोन, तोही बापासोबत वावरात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अभ्यास संध्याकाळी उघडायचा, तोवर बॅटरी संपलेली. या काळात नागपूर आकाशवाणीवरचा ‘शाळेबाहेरची शाळा’ आणि सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ ही मालिका यांना नेटपॅक लागत नव्हता, हे विसरता येत नाही.

फायदा नाहीच असे नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवरचा धडा उघडतो. समुद्र न पाहिलेल्या बुलढाण्यातल्या मुलाला भरती-ओहोटी हलताना दिसते. पण खरा लाभ जाणवतो तो नवोदय आणि शिष्यवृत्तीच्या तयारीत : जुन्या प्रश्नपत्रिका आता तालुक्याला न जाता मिळतात. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाल्यावर दहावीच्या मुलांना नेट ही सोय न राहता अट झाली. शाळेत नेट नसेल, तर सेतू केंद्र किंवा नेट कॅफेपर्यंतचे एसटीचे भाडे पालकाच्या माथी.

नुसते यंत्र देऊन भागत नाही, हे परदेशातला अनुभवही सांगतो. पेरूमध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मधल्या मूल्यमापनात त्यांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. त्यांतल्या बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते. पुढे त्याच देशात शाळांना इंटरनेट मिळाल्यानंतरचे निकाल तपासले, तेव्हा गुण थोडे वाढले आणि ही वाढ वर्षागणिक होत गेली; शाळांना नेट वापरायला शिकण्यासाठी वेळ लागतो. विदर्भात नेमकी ही सवड मिळत नाही. यंत्राची सवय झालेल्या गुरुजींची बदली होते आणि टीव्हीवर कापड पडते.

भाषेची अडचण वेगळीच. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यात मुले कोरकू बोलतात, गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडात माडिया आणि गोंडी. ऑनलाइन धडे प्रमाण मराठीत असल्याने पहिली-दुसरीच्या मुलांना त्यातले बोलणे समजत नाही, चित्रेच काय ती कळतात. स्थानिक बोली जाणणारा शिक्षक मधे बसून सांगतो तेव्हाच धडा पोचतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रह इंटरनेटसाठी स्टारलिंक या कंपनीशी इरादापत्र केले. त्यात नंदुरबार आणि धाराशिवबरोबर गडचिरोली आणि वाशीम हे विदर्भातले दोन जिल्हे आहेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा भागात फायबरपेक्षा हा मार्ग सोपा पडू शकतो. शिक्षकाची रिकामी जागा मात्र तिथे आधी भरावी लागेल.